छाटलेल्या विड्यांचा हिशेब

बाबूजी गेले तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. आम्ही भावंडं आणि नातवंडं आता त्यांना आठवतो ते त्यांच्या कष्टांसाठी, आणि तेवढंच त्यांच्या तिखट जिभेसाठी. आपल्या बापाआज्यांच्या गोष्टी आपण नेहमी दुःखाच्याच सांगतो. दुःख होतंच. पण आमची माणसं नुसती सोसत नव्हती, बोलतही होती.

गोंदियाचा हा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता. इथला गरीब दोन गोष्टींवर जगायचा: धान आणि विडी. पावसाळ्यात बाबूजी दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जात. उरलेलं वर्ष आई आणि ते घरी विड्या वळत. तेंदूपत्ता भिजवायचा, मापानं कातरायचा, तंबाखू भरायचा, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. ठेकेदार त्यातल्या मूठमूठ विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढी. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. एकदा बाबूजींनी भर रांगेत विचारलं, "शेठ, छाटलेली विडी लोकं फुकट ओढतात का जी?"

रांग हसली. पण हा विनोद नव्हता, हिशेब होता. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्यात छाटलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांच्या वादासाठी वेगळी तरतूद होती. संसदेला जे कलम करून लिहावं लागलं, ते चौथी शिकलेल्या माणसानं एका वाक्यात मांडलं होतं. १९९९ ला गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा ते म्हणाले, "जिल्हा बदलला, ठेकेदार तोच हाये."

एकदा रोवणीच्या वेळी एका घरी पाणी मागितलं, तर आधी आडनाव विचारलं गेलं. बाबूजी म्हणाले, "आधी पाणी पाजा, मंग सांगतो. तहान आडनावाले नाई लागत."

१९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. बाबूजी तेव्हा पोरसवदा होते, मत नव्हतं. नातवंडांनी विचारलं की ते एवढंच म्हणत, "बाबासाहेब नाई हरले रे, भंडारा हरला." दोन वर्षांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञा त्यांनी भिंतीवर टांगल्या नाहीत, पाळल्या. श्राद्ध-पिंडदान नको, हे सांगतानाही त्यांची जीभ तशीच होती: "माझ्या नावानं कावळ्याले बोलावू नका. जिवंतपणी त्यानं माझं लय धान खाल्लं." आम्ही वंदना घेतली, जलदान विधी केला आणि त्या दिवशी नातवंडांना पुस्तकं वाटली.

आता प्रश्न आपला आहे, तरुण मित्रांनो. बाबासाहेबांची निवडणूक पाहिलेली, दीक्षेला पायी गेलेली पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत आली आहे. त्यांच्या मजुरीची नोंद ठेकेदाराच्या वहीत होती, तीही छाटून. त्यांच्या बोलण्याची नोंद कुणाकडेच नाही. जयंतीच्या डीजेवर आपण वर्गणी काढतो, मग म्हाताऱ्यांसमोर तासभर मोबाईल रेकॉर्डिंगला लावायला काय लागतं? नाव, गाव, काम, मजुरी, दीक्षेची आठवण आणि त्यांनी कुणाला काय सुनावलं तेही, सगळं लिहून घ्या. इतिहास लिहिणारे आपल्याला छाटून टाकतात, ही तक्रार खरी आहे. पण निदान आपण तरी आपल्या माणसांना छाटू नये.

जयभीम.