कांचेची बाटली

आमच्या घरच्या कपाटांत एक लहानशी कांचेची बाटली आहे. तींत करड्या-पिवळ्या रंगाचे एकोणीस खडे आहेत. ते आमच्या आत्याबाईंच्या पित्ताशयांतून निघाले. शस्त्रक्रिया आटोपतांच डॉक्टरांनीं ती बाटली आमच्या हातीं दिली, तेव्हां जणूं शत्रूच बंदिवान करून आणला, असा आम्हां सर्वांस आनंद झाला. समाचारास येणाऱ्या प्रत्येकास ती दाखविली जाई; घरांतील लहान मुलें खडे मोजीत आणि संख्येवरून भांडत. ज्या पिशवींत ते इतकीं वर्षें राहिले, ती पिशवी कोठें गेली, हें मात्र कोणीं विचारिलें नाहीं.

ती गेली होती तपासणीस. निघतांना परिचारिकाबाईंनीं आम्हांस बजाविलें होतें कीं, आठ दिवसांनीं बायॉप्सीचा कागद घेऊन जा. आम्हीं मान डोलाविली. पण आत्याबाई चौथ्या दिवशीं घरांत हिंडूंफिरूं लागल्या, पोट दुखावयाचें थांबलें. मग कागदाची आठवण कोणास? त्यांत सहामाही परीक्षेचे दिवस. मुलांच्या दोनशें उत्तरपत्रिका आम्हीं वेळेवर तपासून दिल्या. रुग्णालयांतून दोनदां दूरध्वनि आला, तो अनोळखी क्रमांक म्हणून आम्हीं उचलला नाहीं. तेविसाव्या दिवशीं त्या बाजूस दुसरें काम निघालें, म्हणून सहज तेथें डोकावलों. कागदावरील इंग्रजी मजकुरांत 'कार्सिनोमा' हा शब्द वाचला आणि आम्ही तेथेंच जिन्याच्या पायरीवर बसलों.

डॉक्टरांनीं आम्हांस रागें भरलें नाहीं. भरलें असतें तर बरें वाटलें असतें. त्यांनीं आकृति काढून समजाविलें. पित्ताशय ही यकृताखालची, लांबट पेरूच्या आकाराची पिशवी. तिच्या भिंतीस आंतून मऊ अस्तर, त्याबाहेर स्नायूंचा थर. आणि जी बाजू यकृतास चिकटलेली, तिकडे बाहेरचें गुळगुळीत आवरणहि नाहीं. रोग अस्तरापुरताच असेल तर पिशवी काढली म्हणजे बहुधा काम झालें. स्नायूंत किंवा त्यापलीकडे शिरला असेल, तर यकृताचा लगतचा भाग आणि जवळच्या लसिकाग्रंथि काढावयास पुन्हां शस्त्रक्रिया करावी लागते. आत्याबाईंचा रोग स्नायूंचा थर ओलांडून गेला होता.

"पण सोनोग्राफींत दिसलें कसें नाहीं?" आम्हीं विचारिलें. ते म्हणाले, खड्यांच्या त्रासानें भिंत पुष्कळदां जाड झालेलीच असते. सूज कोणती आणि रोग कोणता, हें चित्रावरून प्रत्येक वेळीं कळत नाहीं. दुखणेंहि दोहोंचें सारखेंच. कावीळ होईपर्यंत थांबावें, तर रोग बहुधा फार पुढें गेलेला असतो. म्हणून काढलेली पिशवी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाची. अशा पिशव्यांत अवचित कर्करोग सांपडण्याचें प्रमाण हजारीं दोनतीन ते शेंकडा दोनतीन असें ठिकठिकाणीं निरनिराळें आहे; आपल्या उत्तरेकडील गंगाकांठच्या प्रदेशांत आणि दूर दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत हा रोग अधिक, स्त्रियांत पुरुषांहून अधिक. खडे असलेल्या बहुतेकांस तो कधींच होत नाहीं, हें आम्ही मुद्दाम लिहितों. नाहींतर आमच्या विद्यार्थ्यांच्या मातोश्री उगीच घाबऱ्या व्हावयाच्या.

पुढें वाचनांत आलें कीं, बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख या शस्त्रवैद्यानें १८८२ सालीं प्रथम पित्ताशय काढलें, तें याच विचारानें कीं, नुसते खडे काढून काय उपयोग? ते जींत तयार होतात ती पिशवीच काढली पाहिजे. एवढी जुनी गोष्ट. आणि आम्ही खडे मोजीत बसलों होतों!

आत्याबाईंस कसें सांगावें, याची दोन दिवस घरांत कुजबुज चालली. अखेर त्यांनींच आम्हांस हांक मारली. "अरे, तुझें तोंड सांगतें आहे. काय निघालें त्या कागदांत?" आम्हीं सांगितलें. उशीर आमच्यामुळें झाला, तेंहि सांगितलें. त्या बराच वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "मुंबईस केव्हां निघावयाचें?"

मुंबईच्या डॉक्टरांनीं प्रथम पहिल्या शस्त्रक्रियेचें टिपण मागितलें. दुर्बिणीनें काढतांना पिशवी फाटून पित्त पोटांत सांडलें होतें काय, ती थैलींत घालून बाहेर घेतली काय, हें त्यांस पाहावयाचें होतें. कारण सांडलेल्या पित्ताबरोबर रोगाचे कण पसरूं शकतात. पिशवी अखंड निघाली होती. दुसरी शस्त्रक्रिया मोठी झाली, पांच तास चालली. यावेळीं कागद मिळावयाच्या दिवशीं आम्ही कचेरी उघडण्यापूर्वींच दाराशीं उभे होतों. यकृताच्या भागांत व ग्रंथींत रोग नव्हता.

त्यास आतां चार वर्षें झालीं. दर सहा महिन्यांनीं तपासणीस जावें लागतें. बाटली अजून कपाटांत आहे, परंतु ती आतां कोणी कोणास दाखवीत नाहीं. निघण्याच्या दिवशीं आत्याबाई रिक्षांत पाय ठेवण्यापूर्वीं मागें वळतात आणि आम्हांस विचारतात, "कागद घेतलेस ना रे सगळे?"