हातांना पाठ झालेला धडा

घोकंपट्टीला मी वर्गात नेहमीच विरोध करीत आले आहे. परंतु पॅराशूटने उडी घ्यावयास कसे शिकवितात ते वाचल्यापासून त्या विरोधाला एक अपवाद मानते.

शिकाऊ उमेदवाराच्या पाठीवर दोन छत्र्या असतात, मुख्य आणि राखीव. मुख्य छत्री नीट न उघडल्यास सामान्यतः उजवीकडील मूठ ओढून ती प्रथम सोडून द्यावयाची आणि मग डावीकडील मूठ ओढून राखीव उघडावयाची. क्रम उलटला तर दोन्ही एकमेकींत गुंतण्याची भीती. तेवढ्या क्षणांत विचार कसला करणार? म्हणून जमिनीवरच पट्ट्यांना लोंबकळत विद्यार्थी ही कृती हातांना पाठ होईपर्यंत गिरवितो.

राखीव छत्रीची घडी परवानाधारक तज्ज्ञ घालतो. अमेरिकेत १८० दिवस उलटले की न वापरलेली छत्रीही उलगडून, तपासून पुन्हा बांधावी लागते. (शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटांना हा नियम लावला तर!)

१९९१ साली ‘सायप्रस’ नावाचे यंत्र निघाले. माणूस बेशुद्ध होऊन वेगाने कोसळत असला, तर ठरावीक उंचीवर ते राखीव छत्रीच्या पिशवीचा फास आपण होऊन कापते. मात्र मुख्य छत्री अर्धवट उघडून वेग पुरेसा मंदावला असेल, तर ते स्वस्थ राहते. अशा वेळी मनगटावरील उंचीमापकाकडे पाहून मुठी ओढण्याचे काम त्या शिकाऊ हातांनाच करावे लागते.