आग्रा रोडने घराकडे

वाचकहो, नाशिककर ज्या रस्त्यास अद्यापि ‘आग्रा रोड’ म्हणतात, तो खरोखरीच आग्र्यास जाऊन मिळतो. दिल्लीहून मोटारसायकलीवर एकट्याने घरी निघालात, तर ही गोष्ट आपल्या पाठीच्या कण्यास चांगलीच पटेल!

धोलपूर मागे पडताच चंबळेचे बेहड लागतात : पावसाने कोरलेल्या मातीच्या घळींमागून घळी. मग ग्वाल्हेर, आणि पुढे शिवपुरी. तेथे शिंद्यांच्या छत्र्या आहेत. तेथेच १८५९ साली तात्या टोपे यांना फाशी देण्यात आले. तात्या मूळचे येवल्याचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. परमुलखात घटकाभर थांबून हे आठवावे. एकटेपण बरेच हलके होते.

गुना, ब्यावरा, इंदूर. खलघाटास नर्मदा ओलांडली की घराची ओढ अनावर होते, आणि खरा धोकाही तेथूनच सुरू होतो. सेंधव्यास मी पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता. नाशिक उरले होते सुमारे अडीचशे किलोमीटर. पण मध्ये बिजासनचा घाट; उतारावर अवजड मालमोटारींचे ब्रेक तापून निकामी होतात, आणि दुचाकीस्वारास आडोसा कसला? शिवाय अंधारात चाक फिरवणार नाही, असा शब्द आईला दिलेला. साध्याशा लॉजमध्ये मुक्काम केला व तिला दूरध्वनीवरून तसे कळवले. ती म्हणाली, “मी भात टाकलाच नव्हता.”

सकाळी साखळीस तेल दिले आणि घाट उतरलो. शिरपुरास चहाच्या बाकावर अहिराणी कानी पडली, तेव्हा शिरस्त्राण बाजूला ठेवून मी दुसरा पेला मागवला.