घाटपायथ्याची बोली

सह्याद्रीचा कडा आणि खाडीकाठची खलाटी यांच्यामधला जो डोंगरालगतचा पट्टा कोकणात वलाटी म्हणून ओळखला जातो, त्यात कर्जत व खालापूर हे तालुके मोडतात, आणि देश व कोकण यांची खरी सीमा येथे बोर घाटाच्या चढाने आखलेली आहे. कागदावरच्या सीमा मात्र हलत राहिल्या : कर्जत १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते, पुढे ते कुलाब्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचेच नाव रायगड झाले.

कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रस्त्याने आणि तेथून राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून पायी गेल्यावर कोंडाणे लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहाच्या, दर्शनी भागात एका भग्न मूर्तीचे मस्तक तेवढे उरले असून त्याच्याजवळ ब्राह्मी लिपीत एकच ओळ कोरलेली आहे : कण्हाचा अंतेवासी, म्हणजे शिष्य, बलक याने हे केले. प्राकृतातल्या या ओळीत ‘कृष्ण’चे ‘कण्ह’ आणि ‘कृतम्’चे ‘कतं’ झालेले दिसते. मराठीतला ‘कान्हा’ याच वाटेने आला, त्यामुळे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो कारागीर मराठी वाचकाला परका वाटत नाही.

खालापुरातील चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे, जेथे २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजी महाराजांनी मुघल सरदार कारतलबखानाच्या फौजेची अरुंद वाटेत कोंडी केली. बोर घाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता आणि १८६३ मध्ये रेल्वे गेली, आणि त्या लोहमार्गावरच्या ठाकूरवाडी या स्थानकाच्या नावात ठाकूर या येथील जुन्या रहिवाशांची खूण राहिली.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात आगरी, ठाकरी, कातकरी आणि घाटी या बोलींची स्वतंत्र नोंद आहे. आगरीत ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’ आणि शब्दामधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, म्हणून ‘पाणी’चे ‘पानी’, ‘काळा’चे ‘काला’ आणि ‘घोडा’चे ‘घोरा’ ऐकू येते. हे बदल नियमाने होत असल्यामुळे त्यांना अशुद्ध ठरवणे हा या बोलीवरचा उघड अन्याय आहे. येथल्या शेतीच्या बोलीत भातरोपासाठी शेण व पालापाचोळा पसरून जमीन भाजतात तो राब, नाचणी-वरीची उताराची जमीन ती वरकस आणि डोंगरावर लागवडीला दिलेला तुकडा ती दळी. या शब्दांमागे शेतीचे सारे ज्ञान उभे आहे. फार्महाउसांसाठी वरकस विकली जात असताना ते शब्दही वापरातून जाऊ लागले आहेत, म्हणून आगरी पाड्यांतल्या आणि ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या वडीलधाऱ्यांकडून ते टिपून घेण्याचे काम तालुक्यातल्याच शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी आता हाती घ्यावे.