रथवीथीची रुंदी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे तमिळनाडूतील देवळांचे शहर. हा मुलूख एके काळी तंजावरच्या मराठी राज्यात होता. त्यामुळे मराठी माणसाला तो अगदीच परका नाही. येथील मोठ्या देवळांभोवती चारी बाजूंनी रस्ते आहेत. त्यांना रथवीथी म्हणतात, कारण ते आखले गेले देवाच्या रथासाठी.

सारंगपाणीचा रथ तमिळनाडूतील सर्वांत मोठ्या रथांपैकी एक. अशा रथाला सुकाणू नसते. चाकाखाली लाकडी ठोकळे सारून त्याला वळवावे लागते आणि थांबवावेही लागते. रथ, त्याचे जाडजूड दोर आणि ते ओढणारे शेकडो हात सामावतील एवढी रुंदी वीथीला हवी. कोपऱ्यावर तर अधिकच. मात्र रथ प्रदक्षिणेच्या मार्गाने, एकाच दिशेने जातो. समोरून दुसरा रथ येईल, ही चिंता त्या आखणीत नव्हतीच.

आज शहराच्या मध्यभागी दोन्ही दिशांनी वाहने धावू पाहतात. बस सुमारे अडीच मीटर रुंद असते. तिला मोकळेपणाने जाण्यास साडेतीन मीटर लागतात. दोन दिशांचे मिळून सात. दोन्ही कडांना पादचाऱ्यांसाठी १.८ मीटर धरले, की बेरीज १०.६ मीटर होते. या हिशेबात दुकानाची पायरी नाही, उभी केलेली मोटारसायकल नाही, विड्याच्या पानांची टोपली घेऊन बसलेली बाई तर नाहीच.

रस्ता रुंद करा, हे सांगणे सोपे. पण पितळी भांड्यांची जुनी दुकाने आणि घरांपुढचे ओटे कापल्यावर हे गाव ओळखू येईल का? एकेरी वाहतूक हा सौम्य उपाय. तोही निर्दोष नाही. समोरून कोणी येत नाही म्हटल्यावर वाहने वेग घेतात आणि रस्ता ओलांडणाऱ्या वृद्धाची पंचाईत होते.

येथे दर बारा वर्षांनी महामहम उत्सव भरतो. १९९२ साली त्याच्या तलावाकाठी चेंगराचेंगरी होऊन चाळीसहून अधिक भाविक प्राणास मुकले. २००४ आणि २०१६ नंतरचा महामहम आता २०२८ मध्ये आहे. लाखोंच्या गर्दीला आत येण्याइतकीच बाहेर पडण्याची वाट लागते, आणि रुग्णवाहिकेला गर्दीतून जाण्याची. भिंती पाडण्याआधी कडेला उभी राहणारी वाहने हलवणे अधिक शहाणपणाचे. रथ निघतो त्या दिवशी ती हलतातच.