वैरण

पौड मागे पडलं की ताम्हिणीच्या रस्त्यावर शांततेच्या पाट्या लागायला सुरुवात होते. योग, ध्यान, निसर्गाच्या सान्निध्यात दोन दिवस, जेवणखाण धरून. मुळशी धरणाच्या आसपास शनिवार-रविवारी पुण्याहून मन शांत करायला आलेल्यांची एवढी गर्दी होते की चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा मिळत नाही. माले याच वाटेवरचं गाव. मी इथे राहून कथा लिहिते म्हटलं की लोक हमखास म्हणतात, ‘वा, निवांत असाल, छान सुचत असेल.’ निवांतपणात मला काही म्हणजे काही सुचत नाही. सुचतं ते हात कामात अडकलेले असताना.

यात माझं वेगळेपण काही नाही. याच मुळशी-मावळच्या डोंगराळ पट्ट्यातल्या बायका पिढ्यान् पिढ्या पहाटेच्या अंधारात दळता दळता ओव्या रचत आल्या. मूळचे फ्रान्सचे गी पॉइतव्हँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर या बायकांबरोबर काम करत होते. त्यातून या ओव्या गोळा करायचं काम उभं राहिलं, पुढे ते महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पसरलं आणि संग्रह एक लाख ओव्यांच्या पुढे गेला. ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर २०१७पासून त्या टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होत आल्या आहेत. एवढं मोठं काव्य, आणि रचणाऱ्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. लिहिणाऱ्या माणसाने या गोष्टीपाशी जरा थांबावं.

शेजारच्या मावशींकडे जातं अजून आहे. एरवी दळण गिरणीत जातं, पण हुलगे भरडायचे असले की त्या गोणपाट अंथरून जातं मांडतात. समोर मला बसवतात. खुंट्यावर दोघींचे हात. वैरण, म्हणजे जात्याच्या तोंडात मुठीने दाणे, घालायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे आलं तेव्हा त्यांनी बजावलं, “एकदम ओतू नको गं. थोडी थोडी घाल. आणि जात्याकडं बघतीस काय? ऐक.”

ऐकायचं काय ते थोड्या वेळाने कळलं. वैरण पोटात असते तोवर जात्याचा आवाज जाड, भरलेला येतो. ती संपत आली की आवाज पातळ होतो, मग दगडावर दगड घासल्याची कोरडी खरखर सुरू होते. ती सुरू व्हायच्या आत मूठ पडली पाहिजे. जास्त पडली तर जातं जड होतं आणि अख्खे दाणे बाहेर येतात. मावशींचा कान त्या आवाजावर, एक हात खुंट्यावर, आणि तोंडाने ओवी चालू. ओवीत मधेच भावाचं नाव येतं, गावाचं येतं, समोर बसलेली कोण आहे ते पाहून एखादा शब्द बदलतो. तीच ओवी पलीकडच्या गावात दुसऱ्या नावाने गातात. एकदा मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसले, म्हटलं, सांगा, लिहून घेते. चार-पाच झाल्या आणि गाडी अडली. “बसल्या बसल्या कशा आठवतील? दळायला घे,” म्हणाल्या.

दळण म्हणजे ध्यानधारणा, असं मात्र कुणी म्हणू नये. पाट्या लावणारे उद्या तेही म्हणतील. घरची माणसं उठायच्या आत पायलीभर दळायचं हे कष्टच होते, आणि गिरणी आली तेव्हा बायकांचे खांदे सुटले. ओवी त्या कष्टातून निघाली, कारण सासूसमोर जे बोलायची सोय नव्हती ते जात्यापाशी बोलता येत होतं. मला त्यातून घ्यायचंय ते एवढंच, की हाताला आणि कानाला नेमकं काम लागलं की मनाचा उरलेला भाग मोकळा होतो आणि तोच बोलू लागतो.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण सगळेच देतात, पण त्यांना ‘निसर्गकन्या’ म्हणून पुढे निघून जातात. लिहिता-वाचता न येणारी ही बाई शेतात, घरात काम करता करता रचत होती. मुलगा सोपानदेव आणि इतरांनी ते उतरवून घेतलं, आणि त्या गेल्यावर १९५२ साली अत्र्यांच्या पुढाकाराने ते पुस्तकरूपात आलं. त्यांच्या कवितेतली प्रत्येक वस्तू हाताळलेली आहे. लांबून पाहिलेलं असं त्यात फार थोडं. व्यंकटेश माडगूळकर लिहीत तसे रेखाटनंही करत. रेघ ओढायची तर वानराची शेपटी नक्की कुठे वळते ते पाहावंच लागतं. वानरांच्या टोळीवरच्या ‘सत्तांतर’चा नेमकेपणा मला त्या सवयीतून आल्यासारखा वाटतो.

उलट, इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात वाचायला-लिहायला परवानगीच नसते. ते मला पटतं. श्वासाकडे बघताना ‘याचं वाक्य कसं होईल’ हा विचार आला की श्वासही गेला आणि वाक्यही. ध्यान आणि लेखन एकाच दुकानात विकणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं.

माझा अनुभव पावसाचा. खिडकीत बसून पाऊस लिहिला तर ‘मुसळधार’, ‘धुवांधार’ असे तयार शब्द रांगेने येतात. इथला पाऊस ताम्हिणीकडून भिंतीसारखा चालत येतो, त्याला या शब्दांचं काही पडलेलं नाही. मग आवणाच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शेजारच्या खाचरात उतरायचं. पाठीवर गार पाणी, पायाखाली चिखल मात्र कोमट. रोपांची मूठ सोडली की मुळांना लागलेली राबाची काळी माती बोटांवर येते. वाकून वाकून कंबर भरते, आणि शेजारची बाई कुणाच्या तरी लग्नाचा रुसवाफुगवा सांगत असते, तोही पावसावर आवाज चढवून, त्यामुळे गुपित सगळ्या खाचराला कळतं. कथेत पाऊस आणायला मला हे चढलेले आवाज पुरले. ‘पाऊस’ हा शब्द त्या पानावर एकदाच आलाय.

खाचरात वही नेत नाही. नेली की मी टिपण्यापुरतंच बघते, हे मला ठाऊक आहे. घरी येऊन, अंघोळ करून, भात टाकून, मग बसायचं. तोवर जे निसटलं ते जाऊ द्यायचं. जे राहिलं त्यात बहुतेक वेळा दाणा असतो.

मसुदा तपासायचं कामही आता टेबलावरून स्वयंपाकघरात आलंय. कागद डब्याला टेकवून ठेवते, समोर पावट्याच्या शेंगा घेते आणि सोलता सोलता मोठ्याने वाचते. जिथे नुसते शब्द शब्दांवर घासतात तिथे ती खरखर कानाला लगेच कळते. सोलणं थांबवून तिथे पेन्सिलीने खूण करायची आणि पुढे जायचं. सध्या हातात असलेल्या कथेत सासू-सुनेच्या संवादांवर खुणाच खुणा झाल्या आहेत. दोघी नुसत्या समोरासमोर उभ्या राहून बोलतायत, कुणाच्याच हातात काही काम नाही. आज सुनेला तांदूळ निवडायला बसवलंय. सासूला काय द्यावं ते अजून ठरत नाही.