आमची सॅन स्टॉर्म
मंडळी, आपल्या गोव्यात वेर्ण्याला एके काळी दोन सीटची स्पोर्ट्स कार तयार व्हायची, हे नातवंडांना सांगून खरं वाटत नाही. सॅन स्टॉर्म. इंजिन रेनोचं, बॉडी फायबरची. 2001 मध्ये बँकेतून व्हीआरएस घेतली, त्या पैशातून ती दारात आली. हिने महिनाभर अबोला धरला!

गेल्या पावसाळ्यात गाडी सड्यावर बंद पडली. क्रेनवाला साखळी घेऊन आला आणि माझ्या पोटात गोळा आला. पत्रा चेपला तर ठोकून सरळ होतो, फायबरला थेट तडा जातो. सुटे भागही आता सहजी मिळत नाहीत. मी साखळी लावूच दिली नाही. तीन तासांनी फ्लॅटबेड ट्रक आला. हीच छत्री धरून ड्रायव्हरला म्हणाली, "सावकाश चढव रे बाबा, घरचीच आहे ती."